कांडी आणि धोटा : मुंबईच्या आरोग्यनोंदींची सव्वाशे वर्षे

माझे वडील २०२४ च्या पावसाळ्यात गेले. तेराव्यानंतर लालबागच्या खोलीतली त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली, तेव्हा तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत दवाखान्याचे सगळे कागद घड्या घालून ठेवलेले सापडले. त्यांतले तीन कागद मी बाजूला काढले. हा लेख त्या तीन कागदांतून निघाला आहे.

पहिला कागद म्हणजे कामगार राज्य विमा योजनेचे ओळखपत्र. वडील गिरणीत कार्डिंग खात्यात होते. कापूस पिंजला जाताना त्याची बारीक धूळ हवेत तरंगत राहते आणि वर्षानुवर्षे ती छातीत गेली की बिसिनोसिस हा फुप्फुसाचा रोग जडतो. रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेले की छाती आवळल्यासारखी होणे ही त्याची जुनी खूण. दुसरा कागद १९७९ चा. परळच्या एका रुग्णालयात वडिलांच्या फुप्फुसांची तपासणी झाली होती, तिचे आकडे निळ्या शाईत हाताने लिहिलेले होते. तिसरा २०१६ चा, संगणकातून निघालेला. त्यावर एक लांबलचक क्रमांक आणि पट्ट्यापट्ट्यांची खूण होती. बाकीची छपाई उडून गेली होती.

२०२२ मध्ये वडिलांचा दम वाढला म्हणून त्यांना एका मोठ्या सरकारी रुग्णालयात नेले. डॉक्टरांना जुने आकडे हवे होते. मी २०१६ चा कागद पुढे केला. खिडकीतल्या माणसाने क्रमांक वाचला आणि म्हणाला, "ताई, ही जुनी सिस्टीम. ती आता बंद झाली. नवीन सिस्टीममध्ये हे उघडत नाही." वडिलांनी काही न बोलता पिशवीतून १९७९ चा कागद काढून दिला. तो वाचता आला.

त्रेचाळीस वर्षांपूर्वीचा कागद वाचता येतो आणि सहा वर्षांपूर्वीचा येत नाही, हे असे का व्हावे? मी १९९० च्या सुमारास दादरच्या एका क्लासात डीबेस शिकले आणि पुढे वीस-बावीस वर्षे नोंदी भरण्याचेच काम केले. इतिहासाची पदवी माझ्याजवळ नाही. पण हा प्रश्न सुटेना, म्हणून वाचनालये पालथी घातली. उत्तर संगणकाच्या फार आधीपासून सुरू होते आणि त्याचा बराचसा भाग आमच्याच परळ-लालबागच्या हद्दीत घडलेला आहे.

प्लेगचे रजिस्टर

२३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी मांडवीतल्या एका रुग्णाला तपासले आणि हा गाठीचा प्लेग असल्याचे सांगितले. मुंबई महानगरपालिकेकडे त्या वेळी मृत्यूंची नोंद ठेवण्याची व्यवस्था होती. डॉ. टी. एस. वेअर हे महापालिकेचे आरोग्याधिकारी होते आणि शहरातल्या मृत्यूंचे साप्ताहिक आकडे निघत असत. व्यवस्था होती, तरी प्लेगचे आकडे तिच्यात नीट उतरेनात.

कारण उघड होते. घरात प्लेगचा रोगी आहे असे कळले की त्याला इस्पितळात हलवायचे, घरातल्यांना वेगळे ठेवायचे, सामान जाळायचे आणि भिंतीवर 'यू. एच. एच.' म्हणजे 'माणसाच्या वस्तीस अयोग्य' अशी अक्षरे रंगवायची, असा तो कारभार. नोंद झाली की घर गेले. त्यामुळे रोगी लपवले जाऊ लागले, प्रेते गुपचूप हलवली जाऊ लागली आणि प्लेगचा मृत्यू साध्या तापाच्या रकान्यात जाऊ लागला. खरा अंदाज घ्यायचा तर प्लेगचा रकाना बाजूला ठेवून एकूण मृत्यू मोजावे लागत आणि नेहमीच्या वर्षांत या दिवसांत किती माणसे मरतात त्याच्याशी ते ताडून पाहावे लागत. दोन्हींतला फरक प्लेगची खरी व्याप्ती सांगत असे.

नोंद देणाऱ्याला त्या नोंदीतून काही मिळत नसेल, उलट शिक्षाच होत असेल, तर रजिस्टर कितीही चांगले आखलेले असो, ते खोटे भरले जाते. ही गोष्ट पुढे संगणक आले म्हणून बदललेली नाही.

५३-एन क्रमांकाची बाटली

प्लेगची लस वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या लहानशा जागेत तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. तीच आजची हाफकिन इन्स्टिट्यूट. परळहून लशीच्या बाटल्या देशभर जाऊ लागल्या आणि प्रत्येक बाटलीवर क्रमांक असे.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते दगावले. ते सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते. तिचा क्रमांक ५३-एन. त्याच दिवशी त्याच गावात इतर बाटल्यांतून लस घेतलेल्यांना काही झाले नाही.

बाटलीला क्रमांक होता आणि कोणाला कोणत्या बाटलीतून टोचले हे सांगता येत होते, म्हणून संशय एका बाटलीपुरता मर्यादित राहिला. नोंद नसती तर साऱ्या लशीवरच खापर फुटले असते. पण दोष बाटलीत परळला शिरला की गावात ती उघडताना, हा वाद राहिला. चौकशी आयोगाने दोष प्रयोगशाळेवर ठेवला, हाफकिन यांना पद सोडावे लागले. मुल्कोवालला बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही हकीकत चौकशीच्या कागदांत होती. ते कागद लोकांसमोर यायला चार वर्षे गेली. ते आल्यावर शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे तपासले आणि १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर नऊ जणांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून हाफकिन निर्दोष असल्याचे सांगितले. त्यानंतर त्यांना भारतात पुन्हा काम मिळाले, पण परळची संस्था मिळाली नाही.

या प्रकरणात मला दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. बाटलीवरचा क्रमांक ही एक. सगळ्यांनी मानलेली, बारीकशी पण पक्की अशी ती खूण होती. आणि तपासाचे कागद इतरांना पाहायला मिळणे ही दुसरी. पहिली असून दुसरी नव्हती, म्हणून एका माणसाची चार-पाच वर्षे गेली.

गिरणीशी बांधलेला क्रमांक

वडिलांच्या पहिल्या कागदाकडे वळते. कामगार राज्य विम्याचा कायदा १९४८ चा. मुंबईत योजना १९५४ मध्ये आली. गिरणगावात तिचे दवाखाने उघडले आणि परळला महात्मा गांधी स्मारक रुग्णालय उभे राहिले. बिसिनोसिस हा या कायद्यात व्यवसायजन्य रोग म्हणून नमूद आहे, म्हणजे भरपाई मिळण्याचा मार्ग कागदावर तरी होता. त्यासाठी दोन नोंदी जुळाव्या लागत : माणूस किती वर्षे कोणत्या खात्यात होता ही गिरणीची नोंद आणि त्याची छाती कशी होत गेली ही दवाखान्याची नोंद.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. पगार थांबला, वर्गणी थांबली. विम्याचा क्रमांक नोकरीला बांधलेला होता. नोकरी गेली की थोड्या मुदतीनंतर त्या क्रमांकामागचा हक्कही संपतो. रोग मात्र माणसाच्या अंगातच राहतो. वडिलांच्या छातीचा पुढचा चाळीस वर्षांचा इतिहास पालिकेचे दवाखाने, खासगी डॉक्टर आणि सरकारी रुग्णालये यांच्यात विखुरला. तो जोडणारे एकच ठिकाण होते, ती प्लास्टिकची पिशवी.

यावर उपाय म्हणून कोणीही चटकन सुचवील की सगळ्यांसाठी एकच मोठी व्यवस्था करा. मलाही पूर्वी तसेच वाटे. मत बदलले ते परळच्याच एका संस्थेचा इतिहास वाचून.

पाच जिन्यांचा हिशेब

१९६३ च्या जून महिन्यात इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबई कॅन्सर रजिस्ट्री सुरू केली. तिच्यामागे डॉ. डी. जे. जस्सावाला होते. एखाद्या ठरावीक लोकसंख्येतल्या कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवणारी ही भारतातली पहिली रजिस्ट्री. टाटा मेमोरियल १९४१ पासून परळलाच होते. पण एका रुग्णालयातले रुग्ण मोजून शहरातला रोग कळत नाही. टाटात देशभरातून माणसे येतात आणि मुंबईतले कितीतरी रुग्ण दुसरीकडे उपचार घेतात. शहराचा हिशेब हवा तर लहानमोठे प्रत्येक रुग्णालय, प्रयोगशाळा आणि पालिकेचे मृत्युनोंदणी कार्यालय यांतून माहिती गोळा करायला हवी होती.

कर्करोग कळवण्याची कायद्याने सक्ती नव्हती. रुग्णालयांची रजिस्टरे वेगवेगळ्या नमुन्यांची, वेगवेगळ्या भाषांतली. रजिस्ट्रीने त्यांना 'तुमचे कागद बदला' असे सांगितले नाही. तिची माणसे स्वतः रुग्णालयांचे जिने चढली, तिथले केसपेपर आणि प्रयोगशाळेचे अहवाल वाचले आणि त्यांतून आपल्याला लागणारे मोजके रकाने उतरवून घेतले : नाव, वय, लिंग, पत्ता, धर्म, मातृभाषा, रोगाची जागा, पेशींचा प्रकार, निदान कशावरून झाले आणि कधी. रोगाची जागा आणि प्रकार यांना आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचे आकडे दिले जात. मुंबईत किमान वर्षभर राहणाऱ्याचीच गणना शहराच्या आकड्यात होई.

खरी कसोटी होती ती एकच माणूस दोनदा मोजला जाऊ नये याची. एकाच बाईची गाठ एका रुग्णालयात तपासली जाते, शस्त्रक्रिया दुसरीकडे, क्ष-किरणांचा उपचार तिसरीकडे. तिचे नाव एका ठिकाणी माहेरचे, दुसऱ्या ठिकाणी सासरचे. वय एकीकडे पन्नास, दुसरीकडे पंचावन्न. जाधव-पाटील तर वाडीगणिक. मग पत्ता, मातृभाषा, रोगाची जागा अशी चार-पाच सुते धरून ओळख पटवायची. ज्याने रोज हाताने नोंदी भरल्या आहेत त्यालाच या कामाचे मोल कळेल.

हे आकडे इतके पक्के निघाले की पाच खंडांतल्या कर्करोगाच्या प्रमाणावर जी आंतरराष्ट्रीय ग्रंथमाला निघते, तिच्यात मुंबईला स्थान मिळाले. पारशी स्त्रियांत स्तनांच्या कर्करोगाचे प्रमाण इतर समाजांपेक्षा ठळकपणे जास्त आहे, हे याच नोंदींतून दिसले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम उभारला, तेव्हा मुंबईबरोबर बंगळूर आणि मद्रासच्या रजिस्ट्र्या त्यात आल्या. १९८२ पासून एका पद्धतीच्या नोंदी सुरू झाल्या.

पुढे १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला देशातली पहिली ग्रामीण रजिस्ट्री सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या खेड्यांत मुंबईची रीत चालणारच नव्हती. जिने चढायला तिथे रुग्णालयेच नव्हती. म्हणून बार्शीची प्रशिक्षित माणसे गावोगाव गेली, लोकांशी बोलली, कोणाला न भरणारी जखम आहे, कोणा बाईला अंगावरून रक्त जाते आहे, हे विचारून त्यांना तपासणीपर्यंत आणले. नोंद घेण्याची पद्धत अगदी वेगळी, पण नोंदलेला रकाना आणि त्यातला आकडा मुंबईचाच. त्यामुळे बार्शी आणि मुंबई शेजारी ठेवून पाहता येतात.

हे वाचताना मला वडिलांनी सांगितलेली गिरणी आठवली. कांडी भरण्याचे खाते वेगळे, साचाखाते वेगळे. कांडी भरणाऱ्या बाईला साचा कसा चालतो हे ठाऊक असण्याची गरज नसे आणि साचावाल्याला कांडी कोणी भरली याच्याशी कर्तव्य नसे. कांडीची लांबी-जाडी मात्र ठरलेली. ती धोट्यात बसली पाहिजे. एवढे एक माप पाळले की साचे बदलले तरी कांडीखाते चालू राहते आणि कांडी भरण्याची यंत्रे नवी आली तरी साचा थांबत नाही. संगणकाच्या जगात ज्याला मॉड्युलर, म्हणजे सुट्या भागांची रचना म्हणतात, ती हीच. आणि ते माप कोणालाही पाहता यावे, वापरता यावे, त्यावर कोणाची मालकी नसावी, याला खुलेपणा म्हणतात.

बाहेरच्या जगात

संगणक आल्यावर हीच गोष्ट देशोदेशी नव्याने शिकावी लागली. अमेरिकेत माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत १९७० च्या दशकाच्या अखेरीस काही डॉक्टर आणि प्रोग्रामर आपापल्या रुग्णालयात लहान लहान प्रोग्राम लिहू लागले : कोणी औषधालयाचा, कोणी प्रयोगशाळेचा. वरिष्ठ कार्यालयाला सगळे काही मध्यवर्ती हवे होते, म्हणून ही मंडळी बराच काळ लपूनछपून काम करीत. १९८२ मध्ये त्या कामाला मान्यता मिळाली. त्यातून वाढलेली 'व्हिस्टा' ही प्रणाली चाळीस वर्षे चालली आणि सरकारी पैशातून झालेली असल्याने कोणालाही फुकट मिळत राहिली. पुढे ती म्हातारी झाली, तिची भाषा जाणणारे विरळ झाले, हेही सांगायला हवे.

दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या काळात आरोग्याची चौदा वेगवेगळी खाती होती, प्रत्येकाचे फॉर्म वेगळे. १९९४ नंतर केपटाऊनच्या वस्त्यांतून, ओस्लो विद्यापीठाच्या मदतीने, डीएचआयएस नावाचे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वाढले. त्यामागचा नियम साधा होता. देशाला लागणारी अगदी किमान माहिती प्रत्येकाने द्यायची. त्यापलीकडे प्रांताने, जिल्ह्याने, दवाखान्याने आपल्या गरजेचे रकाने हवे तेवढे वाढवायचे. वरच्याने खालच्याचे रकाने खोडायचे नाहीत. या सॉफ्टवेअरची दुसरी आवृत्ती, डीएचआयएस-२, सर्वप्रथम २००६ मध्ये वापरात आली ती आपल्या केरळात. आज कितीतरी देशांची आरोग्यखाती तिच्यावर चालतात. छत्तीसगडमधल्या गनियारीच्या जनस्वास्थ्य सहयोग या रुग्णालयासाठी तयार झालेली 'बाह्मनी' ही प्रणालीही अशीच. रुग्णाची नोंद, प्रयोगशाळा आणि हिशेब यांची आधीच अस्तित्वात असलेली तीन वेगवेगळी मुक्त सॉफ्टवेअरे तिच्यात एकमेकांना जोडली आहेत.

उलट उदाहरण इंग्लंडचे. २००२ मध्ये तिथल्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने साऱ्या देशासाठी वरून एकच योजना आखली, मोजक्या बड्या कंत्राटदारांना प्रदेश वाटून दिले. रुग्णालयांना विचारले गेले नाही. अब्जावधी पौंड खर्चून २०११ मध्ये ती योजना मोडीत काढावी लागली. तिच्यातले काही सुटे भाग, जसे क्ष-किरणचित्रे साठवण्याची सोय, चांगले चालले आणि टिकले.

आपल्याकडचा संगणक

महाराष्ट्रातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत खासगी कंत्राटावर उभी केलेली संगणकप्रणाली बरीच वर्षे चालली. २०२२ च्या जुलैत, कंत्राटाच्या वादात, ती बंद झाली. रुग्णालये पुन्हा हाताने केसपेपर लिहू लागली. नंतर सरकारी राष्ट्रीय सूचना केंद्राची प्रणाली आली. अशा वेळी दोष कोणाचा हा हिशेब वकिलांनी करावा. रुग्णाच्या बाजूने प्रश्न एवढाच असतो की साचा बदलल्यावर जुन्या कांड्या नव्या धोट्यात बसतात की नाही. कंत्राट करतानाच हे लिहून घ्यावे लागते. माहिती कोणत्या रूपात परत मिळेल, ती दुसऱ्या कोणालाही वाचता येईल का आणि प्रोग्राम कोणाच्या मालकीचा राहील, हे शेवटच्या दिवशी ठरवता येत नाही.

करोनाच्या काळात मुंबईने दोन्ही बाजू पाहिल्या. सुरुवातीला खाटेसाठी साऱ्या शहराचे फोन १९१६ या एकाच क्रमांकावर येत आणि तो तुंबून जाई. जून २०२० मध्ये पालिकेने चोवीस विभागांत चोवीस 'वॉर रूम' उघडल्या. परळ-लालबागचा एफ दक्षिण, दादर-धारावीचा जी उत्तर, गिरगावचा डी, प्रत्येकाने आपापल्या हद्दीतले रुग्ण, खाटा, रुग्णवाहिका सांभाळायच्या आणि वर ठरावीक माहिती द्यायची. विभागातल्या माणसाला चाळ माहीत होती, गल्ली माहीत होती. हे काम सोसले ते यामुळेच.

त्याच महिन्यात, १६ जून २०२० रोजी, आधी मोजले न गेलेले १,३२८ मृत्यू राज्याच्या आकड्यात भरले गेले. त्यांतले ८६२ मुंबईचे होते. रुग्णालयांची यादी, प्रयोगशाळांचे अहवाल आणि पालिकेच्या नोंदी ताडून पाहिल्यावर ते सापडले. १८९६ च्या साप्ताहिक आकड्यांची ज्याला ओळख आहे, त्याला यात नवल वाटणार नाही. नोंदीचे भाग वेगळे ठेवणे पुरत नाही. ते एकमेकांशी नेमाने ताडून पाहणारे माणूस लागते. कॅन्सर रजिस्ट्रीत तोच धंदा असतो. इथे ते काम संकट आल्यावर करावे लागले.

लसीकरणात आणखी एक गोष्ट दिसली. १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले आणि 'कोविन'मधल्या अडचणींमुळे महाराष्ट्राला पुढचे दोन दिवस ते थांबवावे लागले. लस शीतपेटीत होती, परिचारिका जागेवर होत्या, पण साऱ्या देशाची नावे एकाच दारातून येत होती. याच मोहिमेतला प्रमाणपत्राचा भाग मात्र 'दिवोक' या मुक्तस्रोत सुट्या भागावर उभा होता. प्रमाणपत्रावरची चौकोनी खूण कोणीही तपासू शकतो आणि हाच भाग पुढे श्रीलंका, फिलिपिन्स या देशांनी आपापल्या व्यवस्थेला जोडून घेतला. त्या प्रमाणपत्रावर लशीचा बॅच क्रमांकही छापलेला असतो. तो पाहिला की मला ५३-एन आठवते.

२७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर जाहीर झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनची आखणी याच विचाराने झाली आहे. नोंद जिथली तिथे राहील, रुग्णाला चौदा अंकी क्रमांक मिळेल आणि त्याच्या संमतीने एका रुग्णालयातली नोंद दुसऱ्याला आंतरराष्ट्रीय खुल्या मापात पाठवता येईल. हा क्रमांक नोकरीला बांधलेला नाही, माणसाला बांधलेला आहे. वडिलांच्या पहिल्या कागदाशी तुलना करता ही मोठी सुधारणा आहे.

सांध्याची जागा

तरीही शंका आहेत आणि त्या दडवू नयेत. सुट्या भागांची रचना सांध्यात मोडते. दोन भाग दोघांचे, मग बिघाड झाला की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. मुक्त सॉफ्टवेअर फुकट मिळते, पण ते सांभाळणारा माणूस फुकट मिळत नाही. त्याच्या पगाराची तरतूद केली नाही तर तेही कुजते. परळच्या रजिस्ट्रीला साठ वर्षे टिकवले ते तिच्या रकान्यांइतकेच तिच्या पगारी, शिकवलेल्या, वर्षानुवर्षे तेच काम करणाऱ्या माणसांनी.

दुसरी शंका संमतीची. प्रोग्राम खुला असणे वेगळे आणि रोग्याची माहिती खुली असणे वेगळे. पहिले हवे, दुसरे नको. बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत तीन तास उभ्या असलेल्या माणसाला मोबाइल पुढे करून 'इथे दाबा' म्हटले तर तो दाबतो. याला संमती म्हणायचे का? क्षयाचे नाव शेजाऱ्यांना, मालकाला कळू नये म्हणून आजही लोक पत्ता चुकीचा देतात. भिंतीवरची अक्षरे पुसली गेली तरी त्यांची भीती गेलेली नाही. आणि अशी भीती असेतो रजिस्टर खोटेच भरले जाणार.

म्हणून मी तीन गोष्टींचा आग्रह धरीन. नव्या प्रणालीत पहिली नोंद भरण्याआधी, भरलेली नोंद पूर्णपणे बाहेर काढून दुसऱ्या प्रणालीत वाचून दाखवण्याची परीक्षा व्हावी. सार्वजनिक पैशातून लिहिलेला प्रोग्राम सार्वजनिक मालकीचा असावा. आणि रुग्णाच्या हातात, त्याला वाचता येईल असा, शाई न उडणारा एक कागद रुग्णालयाने दर वेळी द्यावा. तिसरी मागणी संगणकाच्या युगात कोणाला हास्यास्पद वाटेल. लालबागच्या त्या ट्रंकेत तिच्याइतके कामाला आलेले दुसरे काही नव्हते.

२०२२ च्या त्या दिवशी डॉक्टरांनी नवी तपासणी करून १९७९ चे आकडे शेजारी ठेवले. त्यांतली घट पाहून हा कापसाच्या धुळीचाच परिणाम असणार असे ते म्हणाले. भरपाईचा काळ केव्हाच सरला होता, पण आपल्या दम्याचे कारण एका डॉक्टरच्या तोंडून ऐकायला मिळाले याचे वडिलांना समाधान वाटले. नवे आकडे छापून देण्याची सोय त्या दिवशी नव्हती. तेव्हा वडिलांनी जुना कागद उलटा करून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हितं मागं ल्ह्या." डॉक्टरांनी लिहिले, तारीख घातली, सही केली.

तो कागद आता माझ्याकडे आहे. एका बाजूला १९७९, दुसऱ्या बाजूला २०२२.